उस्तादांचे आखूड-लांब सूर

उस्ताद, तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले आणि तुमचे पाय अजून माझ्या शाळेत वाजतायत.

नववी ब चा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला आहे. तिथे माझा तिसरा तास असतो, इंग्रजीचा. दारापासून दहा-बारा पावलांवर आले की आतून ऐकू येतं. टप. टप. मग सर्रऽ. पुन्हा टप. चाळीस मुलं धडा पुटपुटत बाकाखाली पाय हलवत असतात. स्वर आखूड असला तर टाच एकदा आपटायची, लांब असला तर पाऊल फरशीवरून पुढे घासत न्यायचं, तुम्ही शिकवल्याप्रमाणे. मी उंबऱ्यात पाय ठेवला की आवाज बंद होतो. सगळ्यांचा, एकदम. मुलं उभी राहतात, "गुड मॉर्निंग, बाई" म्हणतात, बसतात आणि तास संपेपर्यंत एक पाय हलत नाही. मी मुद्दाम फळ्याकडे तोंड करून उभी राहते, कान मागे लावून. काही नाही. तास संपवून बाहेर पडते, चार पावलं टाकते, तर पाठीमागून पुन्हा टप, सर्रऽ.

पहिले काही दिवस वाटलं, मुलं मला घाबरतात. मग वाटायला लागलं की मुलांना सगळं ठाऊक आहे.

काय ठाऊक आहे ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. समोर असतात तर आजही सांगितलं नसतं, मी एवढी सरळ बाई नाही. पण आता सांगते. शाळेच्या मैदानावरचा तुमचा वर्ग मी बंद पाडला. पालकांनी तक्रार केली असं मुख्याध्यापक तुम्हाला म्हणाले ना? एकाही पालकानं तोंड उघडलं नव्हतं. अर्ज माझा होता.

तुम्ही शाळेत पहिल्यांदा आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस, मिशा पिळलेल्या, बूट असे की त्यात तोंड बघावं. सगळं गाव तुम्हाला उस्ताद म्हणायचं, कारण पलटणीत तुम्ही रंगरुटांना कवायत शिकवायचात. मुख्याध्यापकांना वाटलं, तुम्ही पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तयारी करून देणार. तुम्ही म्हणालात, "संचलन तर करूच. पर मला पोरास्नी इंग्रजी बोलाया शिकवायचंय." स्टाफरूममध्ये मी हातातला चहा खाली ठेवला. एम. ए., बी. एड., सतरा वर्षांची नोकरी, आणि इंग्रजी शिकवणार कवायतीचा हवालदार! मी हसले. तुम्हीही हसलात. तुम्हाला वाटलं मी खूश झाले.

शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास. तेव्हा आठवीत असलेल्या याच मुलांना तीन रांगांत उभं करून तुम्ही एकेक शब्द हुकमासारखा द्यायचात. "शिप!" की चाळीस उजवे पाय गुडघ्यापर्यंत वर आणि धाडकन खाली. "शीऽप!" की पाऊल लांब टाकायचं आणि दुसरा पाय सावकाश ओढत त्याला नेऊन जुळवायचा. धूळ माझ्या स्कूटीच्या सीटवर येऊन बसायची. गावातल्या बायका कुंपणाशी थांबून तोंडाला पदर लावून हसायच्या. तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

एकदा मी विचारलंच, हे खूळ आलं कुठून. तुम्ही पिंपळाच्या पारावर टेकलात आणि सांगितलंत. बढतीच्या परीक्षेत तुम्ही इंग्रजीच्या तोंडी पेपरात तीनदा नापास झालात. शिकवणारा दाक्षिणात्य होता, तो म्हणायचा तुझे आखूड आणि लांब एकच आहेत. तुम्हाला फरक ऐकूच यायचा नाही. "तोंडाला कळंना, बाई. कानाला कळंना. तवा मग पायाला इचारलं. पाय लय प्रामाणिक असतोय. त्याला एक पाऊल आन दीड पाऊल ह्यातला फरक बरोब्बर कळतोय." चौथ्यांदा तुम्ही टेबलाखाली बूट हलवत तोंडी परीक्षा दिलीत आणि पास झालात.

मग तुम्ही जे म्हणालात ते सतरा वर्षं शिकवूनही मला कधी सुचलं नव्हतं. "आपल्या तोंडाला मीठ, पीठ, तूप, दूध ह्याची सवय, बाई. एका घासाचा शब्द आला की आपण तो लांबच करतोय. आखूड म्हणायची जिभेला सवयच न्हाई. मग पोरगं डोंगराला हिल म्हणायच्या जागी हील म्हणतंय आन टाच दाखवतंय." मी घरी गेले आणि मनातल्या मनात मराठी शब्द म्हणत बसले. फूल. मूल. चूल. वीट. रीत. सगळे लांब. तुमचं अगदी खरं होतं आणि मला त्याचा भयंकर राग आला.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, उस्ताद, बोर्डाचा पेपर लिहायचा असतो, बोलायचा नसतो. आणि आपल्या उच्चारांना कुणी हसलं तर ती हसणाऱ्याची चूक. साऱ्या जगाला आपलं इंग्रजी कळतं, मग आपण कशाला जीभ पिळायची? तुम्ही ऐकून घ्यायचात. मग म्हणायचात, "व्हय, चूक हसणाऱ्याचीच. पर बाई, आपली पोरगी पुण्याला नोकरीला गेली, तिनं तोंड उघडलं आन समोरचा हसला, तर ती परत तोंड उघडंल का? चूक त्याची, आन गप ही बसणार." मी म्हणायचे, मग तिला गप न बसायला शिकवा. तुम्ही म्हणायचात, "त्येच तर चाललंय की." अजूनही मला वाटतं माझं बरोबर होतं. निदान निम्मं. हे भांडण आपण संपवायला हवं होतं, पण तुम्ही उठून पोरांकडे जायचात आणि मी स्कूटीला किक मारायचे.

इथवर मी तुमच्याशी नुसती भांडत होते. वाकडं झालं ते सानिकामुळे.

सानिका आठवीत होती तेव्हा. ऊसवाल्या घरातली, बाप पलटणीत, बोलायला धीट. वर्गात मी धडा मोठ्यानं वाचत होते. एक म्हातारा डोंगरावर राहतो असं वाक्य होतं. मी वाचलं, "ही लीव्ज ऑन अ हील." सानिका उठून उभी राहिली. "बाई, लिव्ज. हिल. दोनी आखूड हाईत. उस्ताद म्हणत्यात एकच पाय." आणि तिनं पाय आपटूनही दाखवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं, बस्स. मी म्हटलं, "बस खाली, पुस्तकात बघ."

मधल्या सुट्टीत मी स्कूटी लावते तिथे शेडमध्ये गेले. मोबाईलमध्ये शब्द टाकला आणि उच्चार ऐकायचं ते बटण दाबलं. परत दाबलं. वीस-पंचवीस वेळा दाबलं असेल. मोबाईलमधली बाई दर वेळी सानिकासारखंच बोलत होती. त्या दिवशी मला कळलं की मी सतरा वर्षं पोरांना टाच दाखवत आले.

तो उच्चार माझा नव्हता, उस्ताद. माझ्या वडिलांचा होता. सांगलीला हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे ते कारकून होते. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचे, मला शेजारी बसवून. बाजूला हळदीची पोती, त्यांच्या नाकावर पिवळी भुकटी, आणि ते एकेक शब्द चवीनं लांबवत वाचतायत. त्यांच्या तोंडून ऐकलेलं इंग्रजी मी तसंच्या तसं उचललं. त्याच्यावरच मला नोकरी लागली. तुमच्या त्या "एकच पाय" नं माझे वडील चुकीचे ठरत होते आणि ते मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. टोपी काढून हातात धरलेली. "बाई, पोरगी बोलली ते चुकलं तिचं. तुमच्या तासाला तुमचं खरं. मी दम दिलाय." मी हसून म्हटलं, "अहो काही हरकत नाही, लहान आहे ती." माझं हसू बघून तुम्ही निश्चिंत झालात. मला मात्र एवढंच कळलं की आता तुम्हालाही माहीत आहे.

तरी मी अर्ज केला नसता कदाचित. पण पुढच्याच आठवड्यात सांगलीला इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती. सानिकाला घेऊन मी गेले. गाव माझंच, म्हणून वडीलही रिक्षानं आले होते. तिसऱ्या रांगेत बसले होते, धुतलेला शर्ट घालून, मुलीच्या विद्यार्थिनीला ऐकायला. सानिका बोलली. मागे उभी राहून मी तिचे पाय बघत होते. बुटाच्या आत तिचा अंगठा हलत होता, दुसऱ्या कुणाला कळलंही नसेल. तिचा पहिला नंबर आला. परीक्षकबाई म्हणाल्या, उच्चार फार स्वच्छ आहेत, कुणी शिकवले? मी तिच्या शेजारी उभी होते. सानिकानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "उस्तादांनी."

वडिलांना घरी सोडायला जाताना कृष्णेच्या पुलावर ते म्हणाले, "छान बोलते पोर. मी सगळं चुकीचंच वाचायचो की गं." अगदी सहज, हसत म्हणाले. ते हसले म्हणून मी पेटले. सोमवारी अर्ज दिला. "बाहेरील व्यक्तीच्या वर्गामुळे अभ्यासात व्यत्यय येत असून पालकांच्या तक्रारी आहेत." अक्षर मोत्यासारखं काढलं होतं, त्याची आज जास्त लाज वाटते.

तुम्ही वाद घालाल असं मला वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. मुख्याध्यापकांनी सांगितल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "ठीक हाय, सर." शेवटचा वर्ग घेतलात आणि गेलात. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मैदान मोकळं. स्कूटीवर धूळ येईना. सीट पुसायचा कपडा मी सवयीनं काढायचे आणि पुन्हा डिकीत ठेवायचे. रस्त्यात भेटलात की तुम्ही थांबायचात, "बाई, बरं हाय न्हवं?" म्हणायचात. मी म्हणायचे, "बरंय उस्ताद, गडबडीत आहे." वर्षभर मी गडबडीत होते.

आणि मग तुम्हीच गेलात. सकाळी उसाला पाणी पाजायला म्हणून निघालात, ते परत आलाच नाहीत.

तेरावा झाल्यावर मी तुमच्या घरी गेले. तुमच्या मंडळींना आम्ही सगळे काकी म्हणतो. काकी सोप्यात बसल्या होत्या, ऊन पायावर घेत. मी कबूल करायला गेले होते की नुसती भेटायला, मला अजून सांगता येत नाही. चहा झाला. तुमचे बूट दाराशी तसेच होते, पॉलिश केलेले. मी म्हटलं, "काकी, वर्ग बंद झाल्याचं उस्तादांना फार लागलं का हो?"

"लागायचं काय त्यात," काकी म्हणाल्या. "पर दोन दिस घरोघर हिंडलं बगा."

"कशाला?"

"आवं, पालकांची तक्रार हाय म्हणले न्हवं सर. ह्येंनी म्हटलं, जाऊन इचारतो, माझं काय चुकलं ते. चाळीस पोरं, चाळीस घरं. मळ्यातली वस्तीसुदिक सोडली न्हाई. हात जोडून इचारलं दारात उभं राहून. समदी म्हणली, आमी न्हाई केली तक्रार. उलट म्हणली, चालू करा परत."

पलटणीतला माणूस, गुडघे दुखत असताना, दारोदार. माझ्या एका खोट्या ओळीमुळे.

"शेवटच्या घरनं आलं आन हितंच बसलं," काकी म्हणाल्या. "म्हणलं, कुनीच न्हाई केली. मग म्हणलं, म्हंजे बाईंनीच केली असंल. मी म्हटलं, मग जा की, बाईंना इचारा. तर म्हणलं, न्हाई. दुसऱ्याच्या तुकडीला कवायत द्यायची तर आधी त्या उस्तादाला इचारायचं असतंय. मी बाईंना इचारलंच न्हाई कवा. चूक माझीच हाय."

काकी माझ्याकडे बघत नव्हत्या. उन्हाकडे बघत होत्या. "मी म्हटलं, मग आता इचारा. म्हणलं, इचारतो. बाई गडबडीत असत्यात."

मी रडले, उस्ताद. काकींच्या समोर, तोंड झाकून. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचाच माणूस गेलेला आणि त्या माझी समजूत घालत होत्या.

तेव्हापासून मला इंग्रजी नीट बोलता येत नाही. तोंडाशी शब्द आला की आधी पाय ऐकू येतो. कोरेगावच्या रस्त्यानं शाळेत येताना दुकानांच्या पाट्या वाचते, आणि स्कूटीवर डावा पाय आपोआप हलतो. टप. सर्रऽ. मागे तुम्ही बसला आहात आणि मोजताय, असं वाटतं. आरशात बघायची भीती वाटते. ऊस, ट्रॉल्या, रसवंती, सगळं जिथल्या तिथे असतं. बाकी कुणी नसतं.

काल ठरवलं. जे तुम्हाला सांगितलं नाही ते निदान मुलांना सांगायचं. नववी ब, तिसरा तास. मी उंबऱ्यात पाय ठेवला, आवाज थांबला. मी हजेरी घेतली नाही. उभी राहून म्हटलं, "उस्तादांचा वर्ग पालकांनी बंद केला नाही. मी केला. माझे उच्चार चुकतात हे तुमच्यासमोर दिसायला लागलं, म्हणून केला."

चाळीस चेहरे. कुणाला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी पुस्तकाचं पान उगाच सरळ केलं.

"आता मी वाचते," मी म्हटलं. "माझं चुकलं की सगळ्यांनी बाकाखाली पाय वाजवायचा. मला कळलं पाहिजे. मला शिकायचंय."

मी धडा काढला आणि पहिलं वाक्य वाचलं. आखूड जिथे हवा तिथे लांब गेला, माझं मलाच कळलं. मी थांबले. काही वाजलं नाही. दुसरं वाक्य वाचलं. पुन्हा तेच.

"सानिका, चुकलं ना माझं?"

ती उभी राहिली. "व्हय, बाई."

"मग पाय का नाही वाजवला?"

ती खाली बघायला लागली. शेजारची मुलगी पण खाली बघायला लागली. "उस्तादांनी सांगितलंया, बाई. मैदानावर शेवटच्या दिवशी. बाईंच्या तासाला कुनी पाय हलवायचा न्हाई. बाईंचा मान हाय. मी परत सांगंस्तवर न्हाई म्हंजे न्हाई."

"अगं, पण आता मीच सांगते आहे ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण उत्तर तिनं तुमच्यासारखं ताठ उभं राहून दिलं. "तुमी न्हाई, बाई. हुकूम ज्यानं दिला त्यानंच मोडायचा असतोय."

मी खुर्चीत बसले. चाळीस मुलं, एक वर्षभर, रोज माझ्या तासाला पाय आवरून बसली होती. माझ्या भीतीनं नव्हे.

मग मी उठले आणि पुढचं वाक्य वाचलं. जाणूनबुजून चुकीचं वाचलं, प्रत्येक शब्द लांब ओढून, ज्याला ऐकू येत नाही त्यालाही कळेल इतकं चुकीचं. त्याच्या पुढचंही वाचलं. पान संपवलं. एकही पाय हलला नाही, उस्ताद.